टायरातला काटा

आमच्या रविवारच्या बैठकीत गेल्या श्रावणात एक वाद निघाला, तो अजून मिटलेला नाही. वादाचे मूळ इतके क्षुल्लक आहे की सांगताना थोडा संकोच वाटतो. मालगाडीच्या एका चारचाकी डब्याच्या पोटाखालचे रिव्हेट करायचे की नाही, एवढाच तो प्रश्न. बरे, डबाही खरा नव्हे. वीत-सव्वा वीत लांबीचा, पितळी पत्र्याचा.

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या एका मित्राचे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. आठवडाभर तिथे ऑर्डरचे काम चालते. रविवारी दुपारनंतर शटर अर्धे ओढून आम्ही चौघे जमतो. लेथवाले मित्र, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ (त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो), बँकेतला एक तरुण आणि मी. आमच्या भागातली मीटरगेज नव्वदच्या दशकात रुंद झाली आणि ती गाडी गेली. त्या गाडीचे वायपी जातीचे वाफेचे इंजिन आणि त्यामागे एक जुना मालडबा, असे आम्ही सुट्या मालापासून घडवतो आहोत. बाजारातला तयार संच आणून जोडायचा नाही, हा आमचा पण. बॉयलरला पितळी नळी, पत्रा कापून केबिन, आणि केबिनच्या बाजूचे धरायचे दांडे म्हणजे सायकलचे जुने आरे. प्रमाण साडेबावीसास एक. त्या हिशेबाने मीटरभर रुंदीचा रूळ साधारण पंचेचाळीस मिलिमीटरांवर येतो, आणि या मापाचे खेळण्यातले रूळ जर्मन कंपन्यांमुळे जगभर रूढ आहेत.

हे वेड आमचे एकट्याचे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आले आहेत. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तर तिकडच्या वाचकांना सांगायलाच नको. पण तिथे गाडी पाहायला माणसे येतात. आमच्या गाडीला पाहुणा नाही. म्हणूनच बँकेतल्या तरुणाने विचारले, "सर, डबा रुळावर उभा राहणार. त्याचं पोट बघणार कोण?"

मी त्या डब्याचा कारागीर. लेथवर माझा हात बसत नाही, म्हणून डबा माझ्याकडे आला. जुन्या डब्यांची अंडरफ्रेम रिव्हेटांनी जोडलेली असे. आमच्या प्रमाणात एकेक रिव्हेटचे डोके मिलिमीटरभराचे. पत्रा उलटा ठेवायचा, बोथट केलेली सुई मागून बेताने दाबायची, की पुढे टिंब उठते. जोर जास्त झाला तर पत्रा फाटतो, कमी झाला तर टिंब दिसत नाही, आणि ओळीतले एक चुकले तर अख्खी पट्टी टाकून द्यायची. वरच्या बाजूचे मी केले होते. खालच्या बाजूला माझ्या मोजणीप्रमाणे चारशेच्या वर होते.

मी म्हणालो, करायचे. कारण विचारल्यावर जे सांगितले ते आज मला थोडे पुस्तकी वाटते. मी म्हणालो, दिसते तेवढेच नीट करायचे ही दुकानदारी झाली. न दिसणारेही नीट करायचे ही निष्ठा. मामा हसले. म्हणाले, "मग गणपतीच्या मूर्तीची पाठ बघितलाय काय कधी, सर?"

प्रश्न चांगला अडचणीचा होता. आपल्याकडचा मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीला जीव ओततो आणि पाठीवर एकच रंग मारून मोकळा होतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मूर्ती भिंतीला टेकून बसणार हे त्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. उघड ठरलेली गोष्ट फसवणूक कशी होईल? उलट आम्ही करतो त्या प्रतिकृतीत तर खोटेपणा नाइलाजानेच शिरतो. खऱ्या चाकाची रुळाच्या आत उतरणारी कड इंचाच्या आसपास खोल असते. तीच आमच्या प्रमाणात आणली तर मिलिमीटरभराची होते, आणि रूळ जरा उंच-सखल असला की इंजिन खाली उतरते. म्हणून कड मुद्दाम जास्त खोल ठेवावी लागते. अगदी खरे चाक केले तर गाडी चालत नाही. गाडी चालवायची तर चाकात खोटे घालावे लागते. मग चाकात खोटे चालते आणि पोटाखाली मात्र चारशे रिव्हेट खरे हवेत, हा कुठला न्याय? या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. तरी घरी आलो आणि रिव्हेट करायला बसलोच.

मधेच चाकांची हकीकत सांगतो, कारण तिचा पुढे संबंध आहे. वाफेच्या इंजिनाचे चाक एकसंध नसे. आतला आऱ्यांचा गाभा वेगळा आणि त्यावर पोलादी टायर वेगळे. टायर शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर रबर येते, पण आपल्या बैलगाडीला जी लोखंडी धाव असते ना, तीच ही. गावचा लोहार शेणींच्या जाळात धाव लाल करतो, दोघे-तिघे चिमट्यांनी उचलून ती लाकडी पुठ्ठ्यांवर बसवतात आणि वरून पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला आवळून धरते. रेल्वेच्या वर्कशॉपात हेच, फक्त माप काटेकोर. टायरचा आतला व्यास गाभ्यापेक्षा हजारात एक भाग लहान ठेवायचा, तापवून फुगवायचे, बसवायचे आणि निवू द्यायचे. वायपीच्या साडेचार फुटी चाकाला हा फरक दीड मिलिमीटरही भरत नाही. आमचे चाक एकसष्ट मिलिमीटरांचे, म्हणजे फरक मिलिमीटरच्या शंभरातले सहा भाग. केस तेवढा जाड असतो.

सहापैकी पाच टायर बसले. सहावे अर्ध्यात तिरके अडकले आणि तिथेच निवले. पुढे जाईना, मागे येईना. पुन्हा तापवावे तर टायरची उष्णता गाभ्यात उतरते, दोन्ही सारखेच फुगतात आणि पकड जिथल्या तिथे राहते. लेथवाल्यांनी दोन रविवार त्याच्याशी झटापट केली. तिसऱ्या रविवारी मामांनी गाभ्याभोवती ओल्या फडक्याच्या घड्या गुंडाळल्या, वाकनळीची ज्योत फक्त टायरभोवती फिरवली, आणि लाकडी हातोडीचा एक ठोका. टायर सुटले. "याला घाई चालत न्हाई," एवढेच म्हणाले. मग खऱ्या इंजिनाबद्दल सांगत बसले. टायर आणि गाभा यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवत. टायर जागचे किंचितही सरकले तर रेघ तुटते आणि तपासणाऱ्याला कळते. शिवाय हातोडी मारून आवाज ऐकायचा. घट्ट टायर घंटेसारखे वाजते, सैल झालेले बद्द.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या शेजारची मुलगी दहावीला आहे. संध्याकाळी ती सायकल घेऊन आली. पुढचे चाक बसले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहामाहीचा पेपर. कोपऱ्यावरचे टायरचे दुकान बंद झाले होते. "काका, तुम्हाला जमेल का?" असे तिने विचारले. मला जमते. टायर उचकटले, ट्यूब काढली, हवा भरून बादलीत धरली. बुडबुडे दिसले. जागा घासून सोल्यूशन लावले, वाळू दिले, पॅच दाबला. पुन्हा बादलीत धरून पाहिली. एकही बुडबुडा नाही. टायर चढवले, हवा मारली, दहा मिनिटे थांबून अंगठ्याने दाबून पाहिले. टणक. मुलगी खूश होऊन गेली. मी हात धुऊन पुन्हा टेबलापाशी बसलो. त्या रात्री साठ-सत्तर रिव्हेट झाले, एकही न चुकता.

मी एक गोष्ट केली नव्हती. टायरच्या आतून बोट फिरवले नव्हते.

पंक्चर कशाने झाले हे शोधायला पाच मिनिटे लागली असती. बाभळीच्या काट्याचे टोक रबरात मोडून राहिले होते, आतल्या बाजूला जेमतेम मिलिमीटरभर वर आलेले. सायकल स्टँडवर उभी असते तेव्हा असा काटा काही करत नाही. माणूस बसला, टायर दबले, चाक फिरू लागले की प्रत्येक फेऱ्याला तो ट्यूबला टोचतो. सकाळी चाक टणकच होते. शाळा अजून दीड-दोन किलोमीटर असताना हवा गेली. पोरगी सायकल ढकलत चालत गेली, पेपर सुरू झाल्यानंतर पोहोचली. आत घेतले तिला. किती मार्क पडले हे विचारायचे धाडस मी आजवर केलेले नाही.

दुपारी तीच सायकल घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार कन्नड बोलणारा. त्याचे मराठी आणि माझे कन्नड सारखेच मोडके, पण आमचे चालते. त्याने माझा पॅच पाहिला, मान डोलावली. चांगला होता पॅच. मग म्हणाला, "मुळ्ळु एल्लैती?" काटा कुठे आहे? मी काही बोललो नाही. "स्वल्प तडीरी," म्हणत त्याने टायर गुडघ्यात धरले आणि डोळे दुसरीकडे ठेवून, जसे कोणी जपमाळ ओढते तसे, बोट आतून सावकाश फिरवत नेले. अर्ध्या फेऱ्यात थांबला. पकडीने टोक उपटून माझ्या तळहातावर ठेवले.

तेव्हापासून माझ्या मनात जो प्रश्न आहे तो रिव्हेटांच्या वादापेक्षा अवघड आहे. न दिसणारेही नीट करावे, असे मी बैठकीत तावातावाने सांगत होतो. टायरची आतली बाजू कोणाला दिसते? तिथे माझी निष्ठा कुठे गेली? आणि तीही त्या न दिसणाऱ्या रिव्हेटांकडे परत जायच्या घाईत!

एक समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. माणूस एका गोष्टीत नेटका झाला की तो नेटकेपणा त्याच्या साऱ्या वागण्यात झिरपतो, असे आपण धरून चालतो. सुंदर अक्षराचा मुलगा सज्जन निघेल, चांगला गवई चांगला बाप असेल. मी स्वतः वर्षानुवर्षे मुलांना हे सांगत आलो. आता वाटते, झिरपते असे काही नाही. छंदातला काटेकोरपणा हा पुष्कळदा स्वतःला दिलेला खाऊ असतो. तिथे वेळ आपला, चूक आपली आणि शाबासकीही आपलीच. पितळेचा डबा कधी उन्हात सायकल ढकलत चालत नाही. त्याच्याशी प्रामाणिक राहायला मला काहीच मोजावे लागत नाही, मग त्या प्रामाणिकपणाची परीक्षा झाली तरी कधी?

त्या दुकानदाराची रोज होते. एका पंक्चरची जिथे मजुरी मिळते तिथे दाभणाने आणखी दोन भोके पाडणारे हात काही रस्त्यांवर असतात, हे वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ट्यूब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बादलीत असते, पण पाहणाऱ्याला त्यातले कळत नसते. आणि काटा आत राहू दिला तर तेच गिऱ्हाईक दोन दिवसांत परत येणार, म्हणजे नुकसान नाहीच. असे असूनही जो काटा शोधतो, त्याला निष्ठा वगैरे शब्द सुचत नाहीत.

हे सगळे मी बैठकीत कबूल केले. मला वाटले होते, वाद संपेल. रिव्हेट सोडून द्या म्हणतील. पण मामांनी बाजू बदलली. म्हणाले, "सर, रिव्हेटांनी तुम्हाला घाई करा म्हणून सांगितलंतं काय? त्यांच्या अंगावर कशाला ढकलताय?" लेथवाल्यांचे म्हणणे आणखी वेगळे. त्यांच्या मते अडकलेले टायर दोन रविवार हातात घेऊन बसले नसते, तर आठवडाभर ऑर्डरच्या कामात जी चिडचिड होते ती त्यांनी पोरांवर काढली असती. म्हणजे थोडे झिरपते म्हणायचे? बँकेतला तरुण म्हणाला की त्याने मुळात एवढाच प्रश्न केला होता, की बघणार कोण.

मूर्तीच्या पाठीचा प्रश्न मात्र मला आता थोडासा सुटल्यासारखा वाटतो. चाकाची कड खोल ठेवली तर गाडी चालते. मूर्तीची पाठ कोरी राहिली तरी पूजा होते. टायरची आतली बाजू बोट न फिरवता सोडली तर कोणीतरी पायी चालते. तिन्ही बाजू न दिसणाऱ्याच आहेत, तरी एका मापाने मोजता येत नाहीत. डब्याच्या पोटाखालचे माझे रिव्हेट यांपैकी कशात बसतात, ते ठरवता आलेले नाही. पण निम्मे झाले आहेत आणि उरलेले मी करणार आहे, हेही खरे. आवडते म्हणून करतो, असे आता सांगतो. त्याला मोठे नाव देत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. पुन्हा पुढचेच चाक. मी पाने काढले, टायर उचकटले, ट्यूब बादलीत धरली, आणि यंदा आधी टायर हातात घेऊन आतून बोट फिरवले. महामार्गावर ट्रकचे टायर फाटून त्यातल्या पोलादी तारांचे तुकडे पडतात, तसला एक केसासारखा तुकडा निघाला. पकडीने ओढून मी तिला दाखवला. तिने पाहिला, मग माझ्या हातातून टायर घेतले.

"थांबा काका, मी पण बघते."

बॅटरी मला धरायला लावून तिने व्हॉल्व्हच्या जागेपासून सुरुवात केली आणि सबंध फेरा पुरा केला. मग तिथूनच उलट्या दिशेने दुसरा. त्या दुसऱ्या फेऱ्यात तिचे बोट थांबले.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "पकड द्या."