खांबाआडची मुलगी

भाऊबीजेला जेवणे आटोपली की आमच्या घरी ट्रंकेतला फोटोंचा गठ्ठा निघतो. गेल्या वर्षी त्यात भर पडली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या पुस्तकाची. त्यात न्यू साउथ वेल्समधल्या मेंढ्यांच्या स्टेशनांची जुनी छायाचित्रे होती. स्टेशन म्हणजे आगगाडीचे नव्हे. अफाट कुरणे, लोकर कातरण्याची शेड, मालकाचे घर, या सगळ्या पसाऱ्याला तिकडे स्टेशन म्हणतात.

बहुतेक चित्रांत देखावा एकच. लांब ओसरी, मधोमध दाढीवाले यजमान, शेजारी बाई, पायऱ्यांवर मुले, पुढे कुत्रा. हसत कुणीच नाही. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा येईपर्यंत रसायन लावलेली काच ओली आहे तोवरच फोटो घ्यावा लागे, आणि माणसांना काही सेकंद पुतळ्यासारखे बसावे लागे. जो हलला तो पुसट झाला. कुत्र्याला तर दोन डोकी!

एका चित्रात मात्र खांबाआड एक काळी मुलगी मालकाचे तान्हे मूल कडेवर घेऊन उभी होती. जराही हललेली नव्हती. खाली सगळ्यांची नावे होती, कुत्र्याचेसुद्धा. तिचे नव्हते.

ती भूमी तिच्या पूर्वजांची. १८५१ मध्ये सोने सापडले, गोरे मेंढपाळ खाणींकडे पळाले, तेव्हा मेंढ्या राखल्या त्या अनेक ठिकाणी याच मूळ रहिवाशांनी. मजुरी पुष्कळदा पीठ, चहा, साखर आणि तंबाखू. हा देश गोरे येण्यापूर्वी बेवारस नव्हता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते १९९२ मध्ये.

कॅमेऱ्याने तिला वगळले नाही; वगळले ते नावे लिहिणाऱ्या हाताने. तो हात दुष्ट असेल असे मला वाटत नाही. घरातल्याच कुणा प्रेमळ बाईचा असेल. आपली माणसे तिने आठवून आठवून लिहिली. मग दोष कशाला द्यायचा? विसरण्याला? पण ती विसरली नसणारच. मूल रडले की ती हाक कुणाला मारीत होती?

मी हे मोठ्या तावातावाने बोलत होतो. आत्या मुकाट्याने आमचाच एक फोटो न्याहाळत होती. आजोबा, आजी, काका; आणि मागे, दाराशी, अण्णांना कडेवर घेतलेली एक बाई.

"ही कोण गं?" मी विचारले.

"कामाला होती आपल्याकडे. अण्णाला तिनेच वाढवला."

"नाव काय तिचे?"

आत्याने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि फोटो उजेडाकडे धरला.