तीन सुरांसाठी

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी जवळपास वीस मिनिटं दोन युकुलेले आळीपाळीने हातात घेत उभी होते. दोन्ही सोप्रानो, म्हणजे अगदी छोटी. लाकूड सारखं, दोन्हींना १५ फ्रेट. फरक एवढाच की एकाच्या पेटीला, मान जिथे जोडली जाते तिथे खालच्या अंगाला, चंद्रकोरीसारखा काप होता. त्याला कटअवे म्हणतात आणि त्या कापाचे दीड हजार रुपये जास्त होते. "मॅडम, पुढे शिकाल तेव्हा उपयोगी पडेल," दुकानदार म्हणाला. मला तेव्हा एक कॉर्डही धड येत नव्हती. मी कापवालं घेतलं.

कटअवे गिटारवर का असतो, हे सरळ आहे. वरच्या फ्रेटपर्यंत हात न्यायचा तर पेटीचा खांदा आडवा येतो, म्हणून तो कापतात. पण सोप्रानोवर? त्याची मान साधारणपणे १२व्या फ्रेटला पेटीला मिळते. कित्येक जुन्या घडणीच्या सोप्रानोंना फ्रेटच १२ असतात. तिथे काप म्हणजे निव्वळ नक्षी. माझ्या वाद्यात १२च्या पुढे तीन फ्रेट आहेत. एका रविवारी वही घेऊन बसले. (हो, मी अशीच आहे.) नेहमीच्या जी-सी-ई-ए जुळणीत १३ ते १५ या फ्रेटवरचे चारही तारांचे सूर मांडले. बाकी तीन तारांवर मिळणारे सगळे सूर ए तारेवर सापडतात, बहुतेक तर १२च्या आतच. वाद्याला खरोखर नवे मिळतात ते फक्त तीन सूर, तेही एकाच तारेवर.

शिवाय फ्रेट वर जाताना एकमेकांच्या जवळ येतात. तारेची लांबी ३४५ मिलिमीटर धरली, तर पहिल्या फ्रेटची जागा सुमारे १९ मिलिमीटर आणि १५व्याची साडेआठ. माझं बोट त्याहून रुंद आहे. आणि पेटी इतकी छोटी की कापाशिवायही करंगळी तिथवर जाते.

इथवर हिशोब दीड हजारांचा आहे. मला खुपलं ते वेगळंच. पेटीतली हवा तारांच्या खालच्या सुरांना आधार देते. पेटी लहान, तर तो आधार कमी. सोप्रानोत तो मुळातच बेताचा असतो, आणि त्यातलाच एक तुकडा आपण कापून टाकतो. खरं सांगायचं तर दोन्ही वाद्यं डोळे मिटून ऐकली असती तर मला फरक कळला असता असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पण देवाणघेवाण पाहा. रोज वाजणाऱ्या सुरांकडून थोडं काढून कधीतरी वाजतील अशा सुरांना दिलं. आजच्या मीकडून घेऊन उद्याच्या मीला दिलं, आणि ती उद्याची मी येईल की नाही, हे कुणी विचारलंच नाही.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. यॅग्नी: तुला ते लागणार नाही. पुढे लागेल म्हणून कोड लिहू नकोस. मी ज्युनियर मुलांच्या कोडवर हा शेरा महिन्यातून दोनदा तरी मारते. आणि घरी? न उघडलेला जर्मनचा कोर्स, ट्रेकिंगची साठ लिटरची सॅक, आणि आता हा काप.

मग असं काहीच घेऊ नये का? इथे मला बाबांची पेटी आडवी येते. त्यांची हार्मोनियम साडेतीन सप्तकांची. ते भजनी मंडळात काळी चारमध्ये गातात, त्यांची बोटं दीड सप्तकात फिरतात. वरच्या पट्ट्या तशाच पडून. दसऱ्याला मात्र ते पेटी पुसून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकदा वाजवायचे. "न वाजवलेला सूर धरतो," म्हणायचे. मी आठ वर्षांची असताना गायला बसले, तेव्हा माझा बारीक आवाज त्याच वरच्या पट्ट्यांत सापडला. म्हणजे त्यांनी कधी न वापरलेली जागा माझ्यासाठी निघाली, आणि ती ठेवण्यासाठी खालच्या सुरांचं काही कापलं गेलं नव्हतं. जास्तीचं असणं आणि त्यासाठी असलेलं कापणं, या दोन गोष्टींत मी बराच काळ गल्लत करत होते.

टेनर घेऊन वरच्या फ्रेटवर धून वाजवणाऱ्याने कटअवे जरूर घ्यावा. त्याला तो आजच लागतो. १८७९ साली मदेराहून होनोलुलूला आलेल्या ज्या सुतारांच्या हातून युकुलेले घडलं, त्यांच्या वाद्यांना असा काप नव्हता. पण हा काही पुरावा नव्हे, जुनं तेच बरोबर असं मला म्हणायचं नाही.

माझी लबाडी दुसरीकडे होती. तो काप मला दिसायला आवडला होता. दुकानात पहिल्या मिनिटातच आवडला होता. उरलेली एकोणीस मिनिटं मी त्या आवडीला उपयोगाचे कपडे चढवत होते. सुंदर वाटलं म्हणून दीड हजार जास्त दिले, असं म्हणण्याची माझ्या घरात सवय नाही. आमच्याकडे प्रत्येक वस्तू 'कामाला येते' म्हणून घेतली जाते. माझ्या शिक्षणासकट.

गणपतीत बाबा आले, तेव्हा त्यांनी युकुलेले उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि त्या कापात अंगठा घातला.

"हे कशाला गं? धरायला?"

वही तिथेच कपाटात होती. फ्रेट, मिलिमीटर, सगळं सांगता आलं असतं.

"नाही हो बाबा. दिसायला छान वाटलं म्हणून घेतलं."

त्यांनी पुन्हा एकदा त्या कडेवरून बोट फिरवलं. "आहे खरं छान," म्हणाले. "आता काय येतंय ते वाजव."

मला चार कॉर्ड येत होत्या. चारही पहिल्या तीन फ्रेटमधल्या.