कर्ता आणि कर्म

व्याकरण हा शाळेच्या बाकावर सोडून यावयाचा विषय, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. परंतु मनुष्याला स्वतःविषयी काय बोलता येते, ह्याची पहिली चौकट व्याकरणच आखून देत असते. 'मी त्याला फसविले' ह्या वाक्यात गूढ असे काही नाही. कर्ता एक, कर्म दुसरे. पण 'मी स्वतःला फसविले' असे म्हणताच विचारी मनुष्य थबकतो. फसविणारा जर मी, तर फसला तो कोण? तोही मीच असेन, तर फसवणूक चालली असताना त्याला ती कळली कशी नाही?

हा प्रश्न सर्वच भाषांत दडलेला आहे. पण फिन्लंडच्या भाषेत तो विशेष उघडपणे दिसतो. फिन्निश भाषा युरोपात बोलली जात असली, तरी ती संस्कृत, ग्रीक, लॅटिन ह्यांच्या कुळातील नव्हे. एस्टोनियन ही तिची जवळची बहीण, तर हंगेरियन दूरची. तिच्यातील आत्मवाचक सर्वनाम 'इत्से' हे होय. 'मी स्वतः केले' अशा अर्थी बळ देण्यासाठी ते एकटे येऊ शकते. परंतु क्रियेचा रोख कर्त्यावरच उलटला, म्हणजे त्याला सामान्यतः स्वामित्वदर्शक प्रत्यय घ्यावा लागतो. 'तालो' म्हणजे घर, 'तालोनी' म्हणजे माझे घर. त्याचप्रमाणे 'इत्सेनी' म्हणजे माझा मी, 'इत्सेसी' म्हणजे तुझा तू, 'इत्सेम्मे' म्हणजे आमचे आम्ही. तृतीयपुरुषी 'इत्सेन्सॅ' हे रूप तो, ती आणि ते सर्व, ह्या सगळ्यांस एकच.

म्हणजे ह्या भाषेत 'मी' देखील घराप्रमाणे कोणाच्या तरी मालकीचा. पण घर विकले तरी धनी उरतो. 'इत्सेनी'मधून 'इत्से' वजा केला तर मागे धनी कोण उरेल? व्याकरण येथे मौन धरते. मात्र ह्या शब्दाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. सायबेरियाच्या पश्चिम भागातील खांती व मान्सी ह्या फिन्निशच्या दूरच्या नात्यातील भाषा. त्यांतील ज्या शब्दाशी भाषाशास्त्रज्ञ 'इत्से'चा संबंध जोडतात, त्याचा अर्थ छाया किंवा छायारूप जीव असा आहे. छाया आपली असते, आपल्यावाचून तिला अस्तित्व नाही, आणि तरीही ती आपल्याहून थोडी बाजूला पडलेली, आपल्याला पाहता येण्याजोगी असते. आत्मपरीक्षण शक्य होते ते ह्या थोड्याशा अंतरामुळेच. जो स्वतःशी सर्वस्वी एकजीव झाला, त्याला स्वतःचा दोष दिसावा कसा?

आपल्याकडे ह्याच अर्थाच्या शब्दाची वाट निराळी झाली. संस्कृतात 'आत्मन्' हा शब्द आत्मवाचक सर्वनामासारखाही योजीत; प्राकृतातून येता येता त्याचा 'आपण' झाला, आणि आज आपण 'आपण' म्हणतो तेव्हा त्यात बोलणाऱ्याबरोबर ऐकणाराही सामावलेला असतो. फिन्निश शब्दाने स्वत्वाला धनी जोडून दिला, आपल्या शब्दाने सोबती जोडून दिले.

परंतु फिन्निश व्याकरणात आणखी एक सोय आहे आणि खरा नैतिक प्रश्न तेथेच उपस्थित होतो. 'इत्से' मुळीच न उच्चारता केवळ धातूला प्रत्यय लावूनही क्रिया स्वतःकडे वळविता येते. 'अन्ता' म्हणजे देणे; त्यापासून 'अन्ताउतुआ' म्हणजे स्वतःला देऊन टाकणे. शत्रूस शरण जाणे आणि एखाद्या कार्यास वाहून घेणे, हे दोन्ही अर्थ त्या एकाच क्रियापदाचे. तसेच 'उहराता' म्हणजे बळी देणे. 'उहराता इत्सेन्सॅ' म्हणजे स्वतःचा बळी देणे. आणि जवळजवळ त्याच अर्थाचे दुसरे रूप 'उहराउतुआ'. पहिल्या रूपात बळी दिलेला 'स्वतः' वाक्यात वेगळा शब्द म्हणून उभा आहे. दुसऱ्यात तो क्रियेत विरून गेला आहे.

फिन्निश माणूस बोलताना हा भेद नीतीच्या काट्यावर तोलून पाहतो, असे मला सुचवावयाचे नाही. भाषेच्या सोयीने कोणी साधू होत नाही. 'इत्से'पासूनच स्वार्थी ह्या अर्थाचा 'इत्सेकॅस' शब्द निघतो, आणि त्याच्यापासूनच 'इत्सेनॅइस्यूस', म्हणजे स्वातंत्र्य, हाही. प्रथम स्वीडनच्या आणि 1809 पासून रशियाच्या सत्तेखाली राहिलेल्या त्या राष्ट्राने 6 डिसेंबर 1917 रोजी जे घोषित केले, त्याला त्याच्या भाषेत हेच नाव आहे, आणि त्याच्या घडणीत 'स्वतः म्हणून असणे' हा भाव आहे. एकाच मुळातून अप्पलपोटेपणा आणि स्वाधीनता दोन्ही उगवतात; कोणते जोपासावयाचे हे व्याकरण ठरवीत नाही, मनुष्य ठरवितो.

तथापि ही दोन रूपे शेजारी मांडली म्हणजे आपल्या घरांतील एक नित्याची गोष्ट स्पष्ट होते. मुलांसाठी आयुष्य वेचणारा पिता जेव्हा 'मी तुमच्यासाठी स्वतःला झिजविले' असे वारंवार ऐकवितो, तेव्हा तो असत्य बोलत नसतो; पण झिजविलेला 'स्वतः' त्याने खतावणीत नावे टाकून ठेवलेला असतो आणि कधी तरी त्याची वसुली होते. उलट, पहाटे उठून साऱ्यांची तरतूद करणाऱ्या कित्येक गृहिणींच्या बोलण्यात 'स्वतः' हा शब्दच येत नाही. मात्र ह्या दुसऱ्या रूपाचे स्तोत्र गाण्यातही धोका आहे. जिला 'मी' म्हणावयाची कधी संधीच मिळाली नाही, तिचे मौन हा त्याग नव्हे. ती हरण होय. जे आपल्या हाती कधी आलेच नाही, ते देता येत नाही. 'अन्ताउतुआ'मध्ये शरणागती आणि समर्पण एकत्र नांदतात, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

म्हणून ह्या दोन्ही रूपांची मनुष्याला गरज आहे. फक्त त्यांची स्थाने चुकू नयेत. दोषांचा न्यायनिवाडा करावयाचा असेल तेव्हा स्वतःला निःसंकोच कर्माच्या जागी बसवावे, परक्यासारखे पाहावे, उलटतपासणी घ्यावी. देण्याची वेळ आली म्हणजे मात्र त्या 'स्वतः'ला क्रियेतच मिसळू द्यावे. आपण बहुधा नेमके उलट करतो: चुका सांगताना 'तसे घडून गेले' म्हणून कर्ताही लपवितो आणि कर्मही, आणि उपकार सांगताना दोघांनाही मोठ्या आवाजात पुढे आणतो.