आकाशमार्गे आलेले श्रवण

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाचा उगम ऐकण्यातच सांगितला आहे. परंतु ज्याचा वक्ता दिसत नाही आणि ज्याला उलट विचारता येत नाही, असे श्रवण त्या पदवीस पात्र ठरते काय?

हिंगोलीत चर्चच्या मालकीचे खासगी एफएम केंद्र निघू शकत नाही, कारण सरकारी धोरणाने धार्मिक संस्था, मग ती चर्च असो की देवस्थान, त्यासाठी अपात्र ठरविल्या आहेत. आणि त्यापूर्वी तर नभोवाणी हा सर्वस्वी सरकारचाच महकमा होता. म्हणून ख्रिस्ती नभोवाणी आली ती समुद्रापलीकडून. ‘फेबा’ या संस्थेने १९७० मध्ये सेशेल्स बेटांवरून लघुलहरींचे प्रक्षेपण सुरू केले, ते २००३ पर्यंत चालले. तिचे मनोरे प्रवाळखडकावर, भर पाण्यात उभे होते. संध्याकाळी काटा केसभर सरकवावा, तो आधी खरखर, मग एक शिट्टी, आणि त्यातून जवळ येत पुन्हा विरून जाणारा मनुष्याचा आवाज. जो चर्चची पायरी चढण्यास धजत नाही, त्याला घराच्या कोपऱ्यात हलक्या आवाजात ऐकण्याची मिळालेली ही मुभा लहान नव्हे.

तथापि नर्सी हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांना याच हिंगोली जिल्ह्यात औंढ्या नागनाथाच्या देवळामागे कीर्तन करावे लागले, तेव्हा देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. तीत फिरला तो श्रोता! नभोवाणीच्या श्रोत्याला फार तर यंत्राचा कान पिळता येतो, आणि वक्त्याला त्याची वार्ताही नसते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन यांचा अंगीकार केला, तो केवळ लोकांच्या परिचयाचे म्हणून, असे मला वाटत नाही. समोरच्यांनी ध्रुपद उचलल्यावाचून भक्तीचे आख्यान पुरे होत नाही, हा संस्कार त्यांच्या रक्तातच होता.

लघुलहरींवरून बोलणाऱ्या प्रचारकांनाही ही उणीव जाणवली असावी. कार्यक्रमाअखेर ते टपालाचा पत्ता सांगत, पत्रद्वारा बायबलचे पाठ देऊ करीत; आणि त्या सर्व खटाटोपात धर्मसंवादाचा आरंभ होत असेल, तर तो एखाद्या श्रोत्याने अडखळत्या अक्षरांत लिहिलेल्या पोस्टकार्डापासूनच, मग त्यात शंका असो, रागाचे चार शब्द असोत, की काल आवाज नीट आला नाही एवढीच तक्रार असो.