पंधरा ऑगस्टचा खाडा

डोंबिवलीत पंधरा ऑगस्टला सोसायटी-सोसायटीत झेंडावंदन असतं. झेंड्याच्या घडीत पाकळ्या घालून, एका हिसक्यात सुटेल अशी दोरीची गाठ मारणारा हात बहुतेक ठिकाणी वॉचमनचा असतो. अध्यक्ष दोरी ओढतात, राष्ट्रगीत होतं, मुलांना चॉकलेटं मिळतात. रात्रपाळी संपूनही तो वॉचमन गेटवरच असतो, कारण बदली माणूस आलेला नसतो. तेव्हा वरच्या मजल्यांवर भांडी घासली जात असतात. आदल्या दिवशी निरोप गेलेला असतो, ‘मावशी, उद्या सगळे घरी आहेत, पाहुणेही येतील, जरा लवकर या हं.’ आपली सुट्टी म्हणून त्यांचं काम वाढतं. आल्या नाहीत तर खाडा धरला जातो.

सुट्टी कुणी आपणहून दिलेली नाही, हे ठाणे जिल्ह्यानं तरी विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. गिरणीत स्टोअरकीपर असताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या किती साध्या होत्या! आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. १८९० च्या एप्रिलमध्ये दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जून उजाडला तेव्हा गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. एका दिवसासाठी सहा वर्षं झगडावं लागलं.

आज महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर त्यात नावानिशी लिहिले आहेत. पण ही तरतूद ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होते. चार घरची धुणीभांडी करणारी बाई या हिशेबात बसतच नाही.

लोकल चालली पाहिजे, रुग्णालयं उघडी हवीत, हे खरंच आहे. मोटरमनला आणि नर्सला त्या दिवशी कामावर जावंच लागतं. पण आपल्या ओट्यावरची भांडी ही काही अत्यावश्यक सेवा नव्हे. स्वतंत्र देशाच्या वाढदिवशी एका नागरिकाची सुट्टी दुसऱ्याच्या राबण्यावर उभी राहावी, हे मला मनापासून सलतं. इथे कायद्याची वाट पाहायची गरज नाही, कारण मालक आपणच आहोत.

मावशींना चौदा तारखेलाच सांगता येईल, ‘उद्या येऊ नका, पैसे कापणार नाही.’ आणि सोसायटीचं सिक्युरिटी एजन्सीबरोबरचं कंत्राट नव्यानं होईल, तेव्हा राष्ट्रीय सुट्टीला बदली माणूस किंवा त्या दिवसाचा जादा पगार, अशी एक ओळ कमिटीला त्यात घालता येईल. त्यानं महिन्याच्या मेंटेनन्समध्ये थोडे रुपये वाढतील. ते वाढू द्यावेत.