ह्यूमच्या समाचाराला बॉस्वेल

माणूस गेल्याचं कळलं की भेटायला आलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: शेवटी काही बोलले का? ‘अंते मति सा गति’ ही समजूत आपल्याकडे मुरलेली. जन्मभर नको ते उद्योग केलेला अजामिळ मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारतो आणि यमदूतांच्या तावडीतून सुटतो.

१७७६ साली एडिंबरातही हीच उत्सुकता होती, जरा उलट्या अंगाने. डेव्हिड ह्यूम पोटाच्या दुखण्याने खंगत चालला होता. चमत्कार आणि आत्म्याचं अमरत्व यांवर शंका घेणारा हा पासष्टीचा तत्त्वज्ञ मरण समोर दिसल्यावर तरी वरमतो का, हे अनेकांना पाहायचं होतं.

७ जुलैच्या रविवारी लेखक जेम्स बॉस्वेल त्याच्या समाचाराला गेला. चर्चला जायला उशीर झाला होता, म्हणून इकडे! ह्यूम दिवाणखान्यात एकटाच बसला होता. पार वाळलेला, अंगावर करड्या कापडाचे कपडे, त्यांना पांढऱ्या धातूची बटणं. बॉस्वेलने विषय काढलाच. मरणानंतर काही असण्याची शक्यता अजिबात नाही का? ह्यूम म्हणाला, विस्तवात टाकलेला कोळसा न पेटण्याचीही शक्यता असतेच की. बरं, आपण नाहीसे होणार याची भीती? तीही नाही, जन्मापूर्वी आपण नव्हतो, त्याचं कुठे वाईट वाटतं? हा युक्तिवाद मुळात रोमन कवी ल्युक्रेशियसचा.

ह्यूम मजेत होता. अस्वस्थ होऊन परतला तो बॉस्वेल. त्याला ह्यूमचा धीर सुटलेला पाहायचा होता, म्हणजे स्वतःची श्रद्धा शाबूत राहिली असती. मरणाऱ्याकडून शहाणपण मागणारे बहुतेकदा स्वतःच्याच भीतीवर उतारा शोधत असतात. पुढे बॉस्वेलने हे सगळं आपला मित्र, कोशकार डॉ. जॉन्सन याच्या कानावर घातलं, तर ह्यूम खोटं बोलत होता असं म्हणून तो मोकळा झाला. (जॉन्सनला स्वतःला मरणाची विलक्षण धास्ती होती.)

आणि ह्यूमने जाता जाता उपदेश काय केला? जवळजवळ काहीच नाही. एप्रिलात त्याने आत्मचरित्र लिहिलं, जेमतेम काही पानांचं. कुठलं पुस्तक पडलं, कुठलं खपलं, हाताशी पैसा किती आला, हेच त्यात मुख्यतः आहे. मोक्षाचं नावही नाही. अर्थशास्त्रज्ञ मित्र ॲडम स्मिथशी बोलताना तर त्याने थट्टाच मांडली. मृतांना पैलतीरी नेणाऱ्या ग्रीक नावाड्याला काय सबब सांगावी? पुस्तकाची नवी आवृत्ती सुधारतोय, थोडं थांब. नाही पटलं? मग अंधश्रद्धा कोसळताना पाहून येतो. त्यावर नावाडी खेकसणार, त्याला अजून शेकडो वर्षं लागतील, चल बस नावेत!

२५ ऑगस्टला ह्यूम गेला. स्मिथने एका पत्रात त्याच्या अखेरच्या दिवसांची हकिगत लिहून त्याला शहाणा आणि सद्गुणी माणूस म्हटलं. ते छापून आलं आणि गहजब झाला. ब्रिटनच्या साऱ्या व्यापारपद्धतीवर तुटून पडलेल्या आपल्या ग्रंथाला मिळाल्या, त्याच्या दसपट शिव्या या पत्राने मिळवून दिल्या, असं स्मिथने पुढे लिहिलं.

२०१५च्या फेब्रुवारीत, कर्करोग यकृतात पसरल्याचं कळल्यावर, मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ह्यूमच्या आत्मचरित्राचंच शीर्षक घेऊन एक लेख लिहिला. आता रोज रात्री टीव्हीवरच्या बातम्या पाहणार नाही, हा त्यातला एक अगदी साधा निर्णय. आपण आयुष्यापासून अलिप्त झालोय, हे ह्यूमचं म्हणणं त्यांना विशेष पटलं. पण म्हणून आयुष्य संपलं असं नाही, उलट आपल्याला अगदी उत्कटपणे जिवंत वाटतंय, मित्रांना भेटायचंय, लिहायचंय, जमलं तर प्रवासही करायचाय, असं त्यांनी कळवून टाकलं.