मावशीच्या भरवशावर

पावसाळा सरता सरता घरोघर डेंग्यू शिरतो. एखाद्या आईच्या प्लेटलेट्स उतरतात, डॉक्टर दाखल व्हायला सांगतात, नोकरी आणि दवाखाना सांभाळताना बाबांची तारांबळ उडते आणि मग फोन जातो तो मावशीला. आजीचे गुडघे धरलेले, काकू परगावी. मावशी तेवढी मोकळी. लग्न झालेलं नाही, पुण्यात पीजीत राहते, शनिवार-रविवार आला की पाठीला सॅक लावून हरिश्चंद्रगड नाहीतर राजगड गाठते. नातेवाइकांत तिची ओळख बिनधास्त अशीच. त्यामुळे ती येऊन दाखल झाली तरी प्रत्येकाच्या मनात धाकधूक असतेच: हिच्याच्यानं पोरं सांभाळली जातील का?

आमच्या समोरच्या बिऱ्हाडात हे मी अगदी जवळून पाहिलं. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. आईनं दवाखान्यातून सूचना धाडल्या होत्या. धाकट्याला दुधात साय चालत नाही, डब्यात सोमवारी पोळीभाजीच, बुधवारी पांढरा गणवेश, रिक्षावाले काका हॉर्न वाजवून थांबत नाहीत. मावशीनं सगळं लिहून काढलं आणि कागद फ्रिजवर लावला. पण वेणीचं काय? शाळेत दोन वेण्या लागतात, लाल रिबिनीनं वर बांधलेल्या, आणि मावशीचे स्वतःचे केस मानेपर्यंतसुद्धा नाहीत.

मुलगी आरशासमोर पाटावर बसली आणि मावशीला शिकवू लागली. आधी मधला भांग पाड. तीन पेड घे. घट्ट ओढ, आई घट्ट ओढते. मावशी म्हणाली, "तू सांगत जा, मी करते." एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर, अशी ती पहिल्या दिवशी शाळेत गेली आणि हसत गेली. आदल्या रात्रीपासून ती गप्प गप्प होती. घरात आजारपण असलं की मोठी माणसं मुलांना बाजूला बसवतात, त्यांच्याकडून काही मागत नाहीत. इथे मात्र तिच्याजवळचं ज्ञान कुणाला तरी खरोखर हवं होतं. धास्तावलेल्या मुलीला यापेक्षा मोठा आधार कोणता द्यायचा? सगळं येत असलेली काकू असती, तर वेण्या सुरेख झाल्या असत्या, पण मुलगी गप्पच राहिली असती, असं मला वाटतं.

रात्री धाकट्यानं विचारलं, "आई मरणार का?" आजी असती तर असं अभद्र बोलू नये म्हणून दटावलं असतं. मावशीनं सरळ सांगितलं. नाही, मरणार नाही. ताप आहे, हाताला सुई लावून सलाईन देतायत. घरी कधी सोडायचं ते डॉक्टर ठरवतील, आपण सकाळी फोन करून तिलाच विचारू. मग तिनं त्याला त्याची आई लहान असतानाच्या गोष्टी सांगितल्या. ताई चिंचेच्या झाडावर चढायची आणि उतरता येत नाही म्हणून भोकाड पसरायची. ताईनं एकदा शेजारच्यांची कोंबडी दप्तरात घालून शाळेत नेली होती. पोरगं पोट धरून हसलं आणि हसता हसता झोपलं.

हा ठेवा मावशीजवळच असतो. बाबांना आई भेटली ती मोठी झाल्यावर. आजीला तिचं लहानपण आठवतं, पण आईच्या नजरेतून. ताईच्या ताटातलं उचलून खाल्लेली, तिच्या पाठीत धपाटे घातलेली आणि तिचे खाल्लेली एकटी मावशीच. आई दिसत नसते तेव्हा मुलांना आईबद्दल ऐकायचं असतं, आणि भीतीचा लवलेश न ठेवता ते सांगायला मावशीसारखं माणूस नाही.

बिनधास्त म्हणजे बेजबाबदार नव्हे, हेही सांगायला हवं. याच मावशीनं दोन्ही मुलांना हाताशी घेऊन कुंड्यांखालच्या ताटल्या, जुना कूलर, फ्रिजमागचा ट्रे, सगळीकडचं साठलेलं पाणी ओतून टाकलं. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, हे तिनं त्यांना खेळता खेळता शिकवलं. धाकट्याचं अंग जरा कोमट लागलं, त्या रात्री ती थर्मामीटर घेऊन उशाशी बसून होती. जेवण गच्चीवर झालं, झोपायला उशीर झाला, गृहपाठ एखाद दिवस राहिला. राहू दे.

या सगळ्याची मोजदाद मात्र कुठेच होत नाही. 2017 च्या कायदादुरुस्तीनं मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून संपूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापालाही 15 दिवस मिळतात. आईबापांना हे मिळालंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. मावशीच्या नावाची रजा मात्र नाही. ती आपल्या किरकोळ रजा जाळते आणि त्या संपल्या की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, एका हातानं वरणभात भरवत मीटिंगला बसते.

अडीच हजार वर्षांपूर्वी एकानं ही मोजदाद केली होती. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना मायादेवी गेली, तेव्हा तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिनं त्याला स्वतःचं दूध पाजून वाढवलं. पुढे तिनं स्त्रियांना संघात प्रवेश मागितला आणि बुद्धांनी नकार दिला, तेव्हा त्यांचा शिष्य आनंद यानं तिची बाजू मांडताना याच उपकारांची आठवण दिली. आई गेल्यावर हिनं तुम्हाला पाजलं, वाढवलं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. प्रवेश मिळाला. मावशीचं करणं कुणीतरी बोलून दाखवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दवाखान्यातून घरी परतणाऱ्या तायांनो, घर आवरलेलं नसेल, मुलांना उशिरा झोपायची सवय लागली असेल. त्याबद्दल नंतर बोला. आधी धाकटीला विचारा, तुझ्या किती रजा गेल्या, तुझी झोप झाली का. आणि कचेऱ्यांतल्या साहेबांनो, बाईंनो, एखादी मुलगी बहिणीची पोरं सांभाळायला रजा मागायला आली, तर घरात दुसरं कुणी नाही का, असं तिला विचारू नका. रजा द्या.